गाडी खाली करा

गाडीखाली उताणं पडल्यावर माणसाला आपलं पोट नेमकं किती आहे ते कळतं. मला ते एका रविवारी सकाळी, इंदूरजवळच्या राऊतल्या आमच्या घराच्या पोर्चमध्ये कळलं.

इंजिनाखालचं प्लास्टिकचं कव्हर लोंबून रस्त्याला घासत होतं. दोन बोल्टचं काम. त्यासाठी मेकॅनिककडे कोण जाणार? व्हिडिओतल्या माणसाने जॅक लावल्यावर गाडीखाली लोखंडी स्टँडही लावले होते. तेवढा भाग मी पुढे ढकलला. (पाच मिनिटांच्या कामाला एवढा तामझाम कशाला?) माझी बायको माधुरी हिने जॅक फिरवून गाडी उचलली, चाकही तिनेच काढलं. मी मार्गदर्शन केलं. बाबा ड्रायव्हरच्या सीटवर ब्रेक दाबून बसले, कारण त्यांचा माझ्यावर जेवढा विश्वास आहे तेवढाच हँडब्रेकवर. डिक्कीत गव्हाची दोन पोती तशीच होती.

पहिला बोल्ट हातात आला आणि कानाशी ‘कर्र’ झालं. जॅकखालची फरशी खचत होती. जॅक माझ्याकडे झुकला, अगदी आदबीने, आणि त्याच्याबरोबर इंजिनही. सरकून निघावं तर शर्ट कुठेतरी अडकलेला! गाडीचं वजन तरी कमी व्हायला हवं होतं. आधी बाबा, मग गहू. मी ओरडलो, “गाडी खाली करा, जल्दी!”

इथे थोडं व्याकरण. आम्हा इंदूरवाल्यांच्या मराठीत गाडी खाली करणं म्हणजे ती रिकामी करणं. माधुरी साताऱ्याची. तिथे खाली म्हणजे खाली.

“करते, घाबरू नका,” ती म्हणाली आणि जॅकचा दांडा उलटा फिरवू लागली.

बाबा इथलेच, त्यांना बरोबर समजलं. पण ते म्हणाले, “मी उतरलो तर ब्रेक कोण दाबेल?” म्हणजे ज्यांना कळलं होतं ते हलेनात, आणि जिला कळलं नव्हतं ती झपाट्याने आज्ञा पाळत होती. बावीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच!

गाडी बोटाबोटाने उतरू लागली. मी श्वास आत ओढला. पोट आत गेलं नाही.

“अगं, खाली नको, खाली कर!” मी किंचाळलो.

ती दोन सेकंद थांबली (विचार करत असावी) आणि मग दुप्पट वेगाने फिरवू लागली.

धप्प. गाडी थांबली, माझ्या नाकापासून चार बोटांवर. काढलेलं चाक पायात येतं म्हणून माधुरीने मघाशी ते गाडीच्या कडेखाली आडवं सरकवून ठेवलं होतं. गाडी त्यावर टेकली होती. आज मी आहे तो बायकोच्या टापटिपीमुळे.

मग बाबा उतरले. माधुरीने माझे पाय धरून ओढलं. मी बाहेर आलो, शर्ट आत राहिला. मला काय म्हणायचं होतं ते समजावल्यावर ती म्हणाली, “जिवावर बेतल्यावर तरी माणसाने मराठीत बोलावं.”

हा सरळ माझ्या मातृभाषेवर हल्ला होता. मी मराठीतच तर बोललो होतो! तसं ठणकावून सांगायला मी उघडी छाती पुढे काढली आणि तोंडातून निघालं, “अरे भिया, मैं तो...”