तात्यांचा तपास आणि मुंजाजीचा खिसा

पेडगावच्या किशनरावांनी तहसील कचेरीत जन्मभर कारकुनी केली, पण त्यांच्या हातून चूक म्हणून कधी झाली नाही. झालीच तर ती शिपायाची असे, नाहीतर वरच्या साहेबाची. निवृत्त झाल्यावर शिपाईही सुटला आणि साहेबही. चुका ढकलायला घरात उरल्या एकट्या चांगुणाबाई, आणि त्या काही ऐकून घेणाऱ्यातल्या नव्हत्या.

असा हा माणूस रोज संध्याकाळी टीव्हीवर ‘तात्यांचा तपास’ लागला की विरघळून जाई. मालिका तशी खुळीच. तात्या नावाचा एक ढेरपोट्या डिटेक्टिव्ह. कुणाचा चांदीचा तांब्या हरवतो, कुणा नवरदेवाचा फेटा. मुडदा म्हणून कधी पडत नाही. तात्या आधी भलत्याच माणसावर आळ घेतात, मग त्याच्या दारात जाऊन दोन्ही कान धरतात, “चुकलो बुवा” म्हणतात आणि वर चहा मागतात. किशनराव मांडीवर थाप मारत. “ह्याला म्हंतेत मानूस! चुकतंय, पन कबूल करतंय!” चांगुणाबाई तेव्हा नवऱ्याकडे जरा जास्तच वेळ बघत.

गल्लीतली पाच-सात माणसं जमत, त्यांत मुंजाजी पहिला. शेजारचा शेतकरी, किशनरावांचा लहानपणापासूनचा सोबती. तो दारातून “जयभीम, भाऊसाहेब” म्हणे, हे आतून “रामराम, मुंजाजी” म्हणत, मग मालिका सुरू होई. मुंजाजीची खोड अशी की तो विनोद व्हायच्या आधीच हसे. तात्यांनी कानाकडे हात नेला की हा सुरू, आणि त्याच्यामागून सगळी बैठक.

उन्हाळा होता. चांगुणाबाईंनी गच्चीवर जुन्या धोतरावर कुरडया घातल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मालिकेची वेळ झाली आणि टीव्ही लावला, तर वीज जाऊन आल्यामुळे सेटटॉप बॉक्स आपला जाहिरातींच्या चॅनेलवर जाऊन बसलेला. पडद्यावर एक बाई सुऱ्या विकत होती. रिमोट कुठेच नाही.

किशनरावांच्या अंगात तात्या संचारले. त्यांनी सगळ्यांना जागच्या जागी बसवलं, स्वतःचे हात पाठीमागे बांधले आणि दोन येरझाऱ्या घातल्या. “काल कुस्ती लावा, कुस्ती लावा, कोन म्हनायलं होतं?”

“म्या,” मुंजाजी हसतच म्हणाला.

“मंग खिसा दाखीव.”

मुंजाजीला आधी ती गंमत वाटली. पण भाऊसाहेबांचा चेहरा कचेरीतला झाला होता. तो उठला, बंडीचा खिसा त्याने उलटा केला. तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी पडली. बैठक खो खो हसली. तो उलटा खिसा तसाच लोंबत ठेवून मुंजाजी वहाणा घालून निघून गेला. मालिकेत ज्या नटांवर आळ येतो त्यांना त्याचे पैसे मिळतात, म्हणून ते दुसऱ्या दिवशी हसत परत येतात. मुंजाजीला कोण देणार होतं?

सकाळी चांगुणाबाई कुरडया काढून खाली आल्या. त्यांनी रिमोट नवऱ्याच्या पुढ्यात ठेवला. उन्हाने त्याचं प्लास्टिकचं वेष्टन आक्रसून गेलं होतं.

“परवा वारं सुटलं तवा धोतरावर कायतरी जड ठिवा म्हनून कोनाला धाडलं होतं?”

किशनरावांना सगळं आठवलं. तात्या चोराचं नाव सांगणार तेवढ्यात बायकोची हाक आली होती. ते हातातल्या रिमोटसकट गच्चीवर धावले होते, तोच रिमोट धोतराच्या कोपऱ्यावर दाबला होता आणि उलट पावली पळत आले होते.

“तू दगूड दिऊन धाडायचं न्हाई का?” ते म्हणाले. चांगुणाबाई कुरडया डब्यात भरायला आत गेल्या.

संध्याकाळी बैठक भरली, मुंजाजीवाचून. तात्यांनी कान धरले, चहा मागितला. कुणी हसलं नाही. सुरुवात करणाराच नव्हता. किशनरावांनी एकट्यानेच मांडीवर थाप मारली, ती फार मोठ्याने वाजली. मालिका इतकी वर्षं आपल्याला का आवडत होती हे त्यांना त्या क्षणी कळलं. आपल्याला जन्मात जमलं नाही ते तात्या रोज करत होते. जाहिराती लागल्या तसे ते उठले.

मुंजाजी ओसरीवर तंबाखू मळत बसला होता. ना जयभीम, ना रामराम.

“रिमोट सापडला,” किशनराव म्हणाले.

“कुटं?”

“गच्चीवर. कुरडयांपाशी.”

“कोनं ठिवला?”

वारा, चांगुणाबाई, वीज मंडळ, सगळे जिभेच्या टोकावर आले. कचेरीत एवढ्यांत काम भागलं असतं.

“म्या,” किशनराव म्हणाले. मग समोरच्या ओट्यावरच्या बायका बघत असताना त्यांनी दोन्ही कान धरले. तात्या दोन बोटांनी धरतात. यांनी शाळेतल्या पोरासारखे घट्ट धरले. “चुकलं माझं, मुंजाजी.”

विनोदाच्या आधी हसणारा तो माणूस या वेळी मुळीच हसला नाही. त्याने तंबाखू पुडीत परत टाकली, बंडी झटकली आणि वहाणा पायात सरकवल्या.

“कान सोडा, भाऊसाहेब,” तो हळूच म्हणाला. “चला. चोर कोन हाय ते बघायचं ऱ्हायलंय.”