शून्य घागरींचा वेळ

आठवीच्या गणिताच्या पुस्तकात एक टॅक्सी होती. बसल्याबरोबर ठरावीक भाडं, पुढं दर किलोमीटरला अमुक इतके पैसे, तर समीकरण मांडा आणि आलेख काढा. ज्यानं कुणी हे उदाहरण घातलं होतं त्याला मी मनातल्या मनात रोज शिव्या घालायचो. आमचं गाव राणीसावरगावच्या अलीकडं, सडकेपासून दोन कोस आत. पोरांनी पालमच्या बाजाराला जाणारी येस्टी पाहिलेली, तीही आली तर. टॅक्सी कुठून आणू? "सर, गाडी हाललीच न्हाई तर पैसे कायचे?" एकानं विचारलं आणि सगळा वर्ग फिदीफिदी हसला. मी त्याला दोन छड्या दिल्या. खरं तर त्यानं बरोबर जागी बोट ठेवलं होतं, पण मला समजावून सांगता येत नव्हतं, म्हणून छडी.

तापट होतोच मी. तिशी गाठायची होती, बीएस्सी बीएड झालेलो, आणि जिल्हा परिषदेच्या त्या पत्र्याच्या शाळेत आपण फुकट जायलोत असं रात्रंदिवस वाटायचं. गावातल्याच एका शेतकऱ्याच्या माडीवर भाड्यानं राहायचो. मी म्हणजे सर, त्यामुळं सगळं हातात. शाळेचा शिपाई सकाळीच माझ्या दोन घागरी हापशावर नेऊन सगळ्यांच्या पुढं लावायचा आणि भरून आणून ठेवायचा. त्या गावात सहा वर्षं राहिलो. हापशाचा दांडा एकदाही हातात धरला नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

टॅक्सी सोडून द्यायची आणि पोरांच्या रोजच्या जगण्यातलंच समीकरण घ्यायचं, असं मी ठरवलं. पाणी! पाण्यापासून कुणाची सुटका नव्हती. गावात दोन हापसे. एक गावाच्या मधोमध, एक बौद्ध वस्तीत. वस्तीतल्या हापशाची सळई तुटून दीड वर्ष झालं होतं, त्यामुळं सगळं गाव मधल्या हापशावर. मी फळ्यावर तक्ता आखला. वर घागरी, खाली मिनिटं. हापशावर पोचल्यापासून एक घागर किती मिनिटांत, दोन किती, तीन किती, ते लिहून आणायचं. घड्याळ कुणाकडंच नव्हतं, म्हणून माझं गजराचं घड्याळ मी पाळीपाळीनं एकेकाच्या घरी दिलं. आणि वर शहाणपणा करून सांगितलं, "शून्य घागरी, शून्य मिनिटं. प्रत्येकाची रेषा आरंभबिंदूतूनच निघणार. ज्याची निघणार नाही, त्याचं चुकलं म्हणून समजा." टॅक्सीची कटकट नको होती मला.

पंधरा दिवसांत वह्या आल्या. काय सांगू, आनंद झाला. ज्यांना क्ष आणि य म्हटलं की झोप यायची, ती पोरं एकमेकांच्या रेषा बघून भांडायला लागली. "तुझी रेघ लय चढलीय, तू हापसतोस का झोपतोस?" रेषेचा चढ म्हणजे काय, हे मला शिकवावंच लागलं नाही. त्या आठवड्यात मी कुणालाही मारलं नाही.

मग एक वही उघडली. वस्तीतली मुलगी होती ती. वर्गात बोलायची नाही, पण वही बघावी तर तिचीच. पेन्सिलीला टोक, आकडे कसे मोत्यासारखे. तिची रेषा शून्यातून निघालीच नव्हती. य-अक्षावर थेट पंचेचाळीसपाशी सुरू होऊन वर गेली होती. माझं डोकं फिरलं. हजार वेळा सांगितलेलं! लाल पेनानं मी पानभर फुली मारली आणि तिला उभं केलं.

"शून्य घागरीला पंचेचाळीस मिनिटं? कशी लागतील गं?"

"लागतेत सर."

"अगं पण कशी? घागर तर लावलीच नाहीस अजून!"

"पोचल्यापसून मोजा म्हन्ले व्हते तुमी. आमची पयली घागर लावूस्तोर पाऊण घंटा उभं ऱ्हावं लागतंय."

कुणी हसलं नाही. पोरांना सगळ्यांना माहीत होतं, गावाचं पाणी भरून झाल्याशिवाय वस्तीतल्या बायकांनी ओट्यावर चढायचं नाही, तोवर लिंबाखाली घागरी घेऊन थांबायचं. माहीत नव्हतं ते फक्त बीएस्सी बीएडला. आणि मी काय म्हणालो माहीत आहे? "ते थांबणं धरायचं नसतं. बस खाली."

संध्याकाळी वही पुन्हा काढली. एक घागर अठ्ठेचाळीस मिनिटं, दोन एक्कावन्न, तीन चोपन्न, चार सत्तावन्न. खाली तिनं तिचं समीकरण लिहिलं होतं, मी न शिकवता: य = ३क्ष + ४५. अख्ख्या धड्यात जे शिकवायचं म्हणून मी टॅक्सीच्या नावानं खडे फोडत होतो, ते या पोरीनं लिंबाखाली उभं राहून काढलं होतं. मी त्यावर लाल फुली मारली होती. शरम वाटली. खोटं कशाला बोलू, शरमेपेक्षा हर्ष जास्त झाला. एका तरी लेकराला समजलं!

त्या हर्षातच मी घात केला. मोठा आलेख कागद घेतला. गावातल्या एका बड्या शेतकऱ्याची मुलगी त्याच वर्गात होती, तिचंही घागरीला तीन मिनिटं हेच गणित होतं. तिची रेषा शून्यातून, हिची पंचेचाळीसमधून. दोन्ही एकाच कागदावर काढल्या. चढ सारखाच, म्हणून अगदी समांतर. खाली दोघींची समीकरणं लिहिली आणि वर्गाच्या भिंतीवर डकवलं. मला त्यात फक्त गणित दिसत होतं. एवढा शिकलेला माणूस इतका आंधळा असू शकतो, यावर आज माझाच विश्वास बसत नाही.

दिवस नामांतराचे होते. विद्यापीठाच्या नावावरून अठ्ठ्याहत्तर साली आमच्या भागात घरं जळालेली, आणि त्यालाही पाच-सात वर्षं झाली तरी गावं आतून धुमसत होती. मोर्चा निघाला, कुणी जेलात गेलं, की पारावर लोक आवाज खाली करून बोलायचे. अशा गावात वस्तीतली एक पोर हातात घड्याळ घेऊन हापशाजवळ उभी राहिलेली आणि वहीत काहीतरी लिहिताना सगळ्यांनी बघितलेली. आता ते लिहिलेलं भिंतीवर लागलं होतं.

तिसऱ्या दिवशी तो बडा शेतकरी आला. शाळा समितीवर होता. आवाज अजिबात चढवला नाही त्यानं. "सर, तुमी पोरीच्या हातात घड्याळ देऊन गावाची झडती घ्यायलाव का? आमी पाणी न्हाई म्हन्लं का कुनाला? माज्या लेकीचं नाव त्येच्यात कशाला?" मी गणित समजावू लागलो. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ते आसंल सर. पन दिवस कसे हायेत, तुमाला ठाव हाय."

त्याच्या मागोमाग वस्तीतल्या मुलीचा बाप आला. दारातच उभा राहिला. बसा म्हटलं तरी बसेना. "सर, तेवढा कागद काढा. धाकला भाऊ मोर्च्यात धरला गेलता, तवापसून आमच्यावर डोळा हायेच. आता गावातल्या बाया म्हनतेत, मोजायलेत ना, मोजू द्या. मुद्दाम येळ लावायलेत. काल दीड घंटा गेला पोरीचा. तिची माय रोजानं जाती, पानी हिलाच भरावं लागतंय. साळेला कवा यावं तिनं?"

ती रोज उशिरा यायला लागलीच होती. प्रार्थना होऊन जायची, पहिला तास जायचा, आणि ही धापा टाकत दारात. पहिला तास माझाच, गणिताचा. मला तिला दहावीपर्यंत न्यायचं होतं, शिष्यवृत्तीला बसवायचं होतं, आणि इथं आठवीतच तिचे पाय दाराबाहेर चालले होते. कागद मी त्याच दिवशी काढला. पण नुसतं तेवढ्यानं भागेना. मुख्याध्यापकांनी मला बोलावून तोडगा सांगितला: समितीचे साहेब, म्हणजे तोच बडा शेतकरी, वर्गात येऊन बसतील, मुलीनं त्यांच्यासमोर आलेख पुन्हा काढायचा, शून्यापासून, आधीचं चुकलं होतं म्हणायचं. मग बायकांना ते समज देतील. "एक रेघ तर आहे हो सर," मुख्याध्यापक म्हणाले. "जीव जायलाय का कुणाचा?"

मी कबूल झालो. मीच तिला समजावलं, तिच्याच भल्यासाठी म्हणून.

साहेब खुर्चीवर, हातात चहाची कपबशी. ती फळ्यापाशी गेली, अक्ष आखले आणि बिंदू मांडले: एकावर अठ्ठेचाळीस, दोनावर एक्कावन्न, तीनावर चोपन्न, चारावर सत्तावन्न. मी मागून म्हणालो, "आता शून्याला जोड." तिनं पट्टी लावली. काढली, पुन्हा लावली. मग माझ्याकडं वळली आणि अगदी खऱ्या अडचणीनं विचारलं, "सर, शून्याला जोडली तर रेघ मोडतीय. सरळ येत न्हाई."

अहो, याहून चांगला विद्यार्थी कुठल्या मास्तराला मिळतो? मी उठलो, तिच्या हातातला खडू घेतला, डस्टरनं ते चारही बिंदू पुसले आणि पंचेचाळीस-पंचेचाळीस मिनिटं खाली आणून मांडले. तीन, सहा, नऊ, बारा. त्यातून सरळ रेषा ओढली. "असं," मी म्हणालो. "आधी चुकलं होतं ना?" तिनं मान हलवली. साहेब म्हणाले, "झालं! येवढंच तर म्हनत व्हतो." त्यांनी तिला शाबासकी पण दिली.

बायकांना समज दिली की नाही, देव जाणे. थांबणं कमी झालं नाही. ती आठवड्यात तीन दिवस यायची, मग दोन, मग येईनाशी झाली. महिन्याभरानं मी वस्तीत गेलो. मी आत जाऊन बसलो, त्यांच्या घरचं पाणी प्यायलो, आणि याचं मला त्या वेळी मोठं कौतुकही वाटलं, थू माझ्या जिनगानीवर. तिची आई रोजगाराहून नुकतीच आलेली. रागावली नाही ती. म्हणाली, "आता दोन घंटे लागायलेत सर. तुमी कागद लावायच्या आदी पाऊणच घंटा लागायचा."

निघताना मुलगी कुडाच्या दारापर्यंत आली. "सर, नाव कापू नका. घरीच आब्यास करती. परीक्षेला येती मी."

"नाही कापत," मी म्हणालो. "तू बिनघोर अभ्यास कर. नाव ठेवतो."

आणि ठेवायचंच होतं मला, शपथ घेऊन सांगतो. पण पुढच्या महिन्यात तपासणी लागली. मुख्याध्यापक म्हणाले, सतत गैरहजर पोरांची नावं हजेरीपटावर दिसली तर नोटीस तुम्हाला येईल, मी मधे पडणार नाही. वर हेही म्हणाले, ती आता कशाला येतीय? मलाही ते पटलं. पटवून घेतलं म्हणा. हजेरीपटावर लाल रेघ ओढली आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'घरकाम'. वस्तीत जाऊन तिला सांगायची हिंमत झाली नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता वार्षिक परीक्षा आली.

पहिला पेपर गणिताचा. वर्गावर मीच होतो. पेपर वाटून पंधराएक मिनिटं झाली असतील, ती दारात येऊन उभी राहिली. पळत आलेली. झगा खांद्यापासून कमरेपर्यंत ओला, केस ओले, घागर तशीच घरात टाकून आली असणार. हातात पट्टी, पेन्सिल आणि पुठ्ठा. वर्गातली पोरं मान वर करून बघायला लागली, मी त्यांच्यावर खेकसलो.

"सर, येऊ का? आज पहाटंच लायनीत उभी ऱ्हायलते. तरी उशीर झाला."

मी तिला व्हरांड्यात घेतलं आणि सांगितलं की यादीत तिचं नाव नाही.

ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. रडेल असं वाटलं, रडली नाही. "ठेवतो म्हन्ले व्हते तुमी," एवढंच म्हणाली.

मी म्हणालो, "घरी जा बाळ, आत पेपर चालू आहे," आणि दार लोटून घेतलं.