सुमन आली नाही, मग?

"मी नाही देणार उद्याची परीक्षा!" माझ्या नातीने, मुक्ताने, पेन्सिल भिंतीवर फेकली. तिला वकिलीच्या कॉलेजात जायचंय आणि प्रवेशपरीक्षेतली कोडी सुटत नव्हती. मी चौथी शिकलेली. तरी म्हटलं, "मोठ्याने वाच बघू."

"जर सुमन आली, तर कुसुम येणार नाही. सुमन आली नाही. मग?"

"मग कुसुम येणार! तुझ्या आत्यांचं असंच आहे. लग्नाकार्यात एक आली की दुसरी फिरकत नाही."

"मीही तेच लिहिते आणि चुकतं." मग ती एकदम थांबली. "पण आज्जी, ताईच्या लग्नात थोरली आत्या नव्हती, तरी धाकटी आली नाही."

"तिचे गुडघे दुखत होते."

"म्हणजे सुमन नसली तरी कुसुम घरी बसू शकते! ती येईलच असं कोण म्हणालंय?"

मी टाळीच वाजवली. माझा बाप म्हणायचा, रडलीस तर मार बसेल. मी रडू गिळायचे, तरी मार बसायचा. मला वाटायचं, बापाने शब्द मोडला. अहो, न रडल्यास मारणार नाही, असा शब्द त्याने दिलाच नव्हता! हे कळून वाईट वाटायला हवं होतं, पण माझ्या अंगात वारं संचारलं.

"पुढचं वाच," मी म्हटलं.

"आज्जी, भाजी करपतेय."

"करपू दे. वाच!"

सकाळी मुक्ता परीक्षेला गेली. बापाला जाऊन खूप वर्षं झाली. मी अजून आहे, आणि शिकतेय.