सव्वीस किल्ल्यांची फेरी

माझा मामा कुलपं उघडतो. शाळेत असताना मी हे वर्गात सांगितलं, तेव्हा बाईंनी मला खाली बसवलं आणि शेजारणीनं आपलं दप्तर हळूच स्वतःकडे ओढून घेतलं. तेव्हापासून मी "मामा किल्ल्या बनवतो" असं म्हणायला लागले. मामाला मात्र हे पटत नाही. तो म्हणतो, "किल्ली काय, मशीन पण बनवतं. उघडणं हे काम आहे."

दुकान म्हणजे दातांच्या दवाखान्याला चिकटलेली सात फुटांची खोली. किल्ल्या कापायचं मशीन, एक स्टूल, भिंतभर खिळ्यांना लटकलेल्या कोऱ्या किल्ल्या. संध्याकाळपर्यंत मामाच्या भुवयांत पितळेचा कीस जमतो. पदवी घेऊन दोन वर्षं घरी बसल्यावर मी तिथं काउंटरवर बसायला लागले, त्याला आता सहा वर्षं झाली. एवढ्या काळात एक गोष्ट कळली, की मामाइतका संशयी माणूस पोलिसांतही नसेल. ज्याचं दार आहे त्यानं घराचा कागद दाखवल्याशिवाय मामा कुलपाला हात लावत नाही. एकदा एक गृहस्थ अंघोळ अर्धवट टाकून कचरा द्यायला बाहेर आले आणि मागून दार लागलं. कमरेला पंचा, कानात साबण. मामा त्यांच्याच जिन्यात पायरीवर बसून राहिला. खालची बाई बाजारातून आली आणि "हो, हेच ते" म्हणाली, तेव्हा कुठे त्यानं पिशवी उघडली.

या संशयीपणावरच लोकांचा विश्वास. एकटी राहणारी म्हातारी माणसं, विसरभोळी माणसं, मुलं परदेशी असलेली माणसं आपली एक जादा किल्ली मामाकडे ठेवून जातात. अशा सव्वीस किल्ल्या होत्या. किल्लीवर फक्त आकडा ठोकलेला. कुठला आकडा कुणाचा, ती यादी दुकानातल्या खणात, वेगळ्या कुलपात. किल्ल्या एका पत्र्याच्या डब्यात. डबा आणि यादी कधी एकत्र ठेवायची नाहीत, हा मामाचा नियम. वर्षातून एक दिवस सोडून.

तो दिवस फेरीचा. त्या दिवशी मामा डबा आणि यादी घेऊन सव्वीसही दारांवर जातो, प्रत्येक किल्ली तिच्या कुलपात फिरवून बघतो आणि कुलपात शिसपेन्सिलीची पूड सोडतो. तेल नाही, तेलानं धूळ धरते. "वर्षभर न फिरवलेली किल्ली ही किल्ली नव्हे, लोखंड," असं त्याचं मत. या कामाचं तो काही घेत नाही. मी त्याला दरवर्षी वेड्यात काढते आणि दरवर्षी बॅटरी धरून त्याच्याबरोबर जाते.

यंदाच्या फेरीत अकरा वाजेपर्यंत आठ दारं झाली होती. नववं एका संगीत शिकवणाऱ्या बाईंचं. आमची गाडी त्यांच्या फाटकासमोर, भर उन्हात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत उभी. गाडीच्या मागच्या दाराला मामानं स्वतः घडवलेलं कुलूप आहे. दोन महिने खपून केलेलं. उघडून दाखवा म्हणून त्यानं गावभरच्या किल्लीवाल्यांना बोलावलं होतं, कुणाला जमलं नाही. या कुलपाचा त्याला इतका गर्व, की डबा त्यानं यादीसकट पुढच्या सीटवर ठेवला. मागे ठेवला तर दर दाराला ते कुलूप उघडायला तीन मिनिटं लागतात, म्हणून.

बाईंनी आधी पाणी प्यायला आत बोलावलं, त्यांची किल्ली अजून डब्यातच होती. सात मिनिटांत आम्ही बाहेर आलो. पुढच्या दाराची काच फुटलेली, सीटवर काचेचे खडे साखरेसारखे पसरलेले. डबा नाही, यादी नाही. मामा आधी कुठे गेला असेल? मागच्या दाराकडे. वाकून, बोटानं चाचपून म्हणाला, "कुलूप शाबूत आहे."

"मामा, काच फोडलीय."

"हो. काच," तो म्हणाला, आणि फाटकाच्या कठड्यावर बसला.

एकतीस वर्षं मामानं ज्या चोराचा विचार केला तो चोर कुलपाशी बसून, कान लावून, बारीक तारेनं काम करणारा होता. दगड घेऊन येणारा माणूस त्याच्या डोक्यात शिरलाच नव्हता. इतकी अक्कल असलेल्या माणसाला एवढी साधी गोष्ट कळू नये, याचा मला तेव्हा भयंकर राग आला, आणि अजूनही येतो. आता कुणाच्या तरी हातात सव्वीस दारांच्या किल्ल्या होत्या आणि त्यांचे पत्तेही, तेसुद्धा फेरीच्या क्रमानं, म्हणजे चोराला रस्ता शोधायचेही कष्ट नकोत. माझ्या मोबाइलमध्ये नंबर होते, मी तिथंच उभी राहून सगळ्या घरांना फोन लावले. आतून कडी घाला, घर रिकामं सोडू नका, मामा येऊन कुलूप बदलून देईल.

मामाला दोन गोष्टी हव्या होत्या. डबा, आणि डबा चोरीला गेला असा पोलिसांचा कागद. दुसरी गोष्ट त्याला पहिलीइतकीच महत्त्वाची होती. उद्या यातलं एखादं घर कुलूप न तुटता साफ झालं, तर लोक कुणाकडे बोट दाखवणार होते हे सांगायला ज्योतिषी नको.

वाटेत खिडकीला प्लॅस्टिक लावून घ्यायला काचवाल्याकडे थांबलो. तो म्हणाला, "आजचे तुम्ही पाचवे. ठाण्यात जाताय? जा जा. बाकडी नवीन केलीत म्हणे, बसायला बरी आहेत."

ठाण्याच्या दाराशी फळा होता. त्यावर सुबक अक्षरात, 'गाडी फोडून चोरी, चालू महिना : तीन'. शेजारी मागच्या महिन्याचा आकडा, अकरा. गुन्हे कमी कसे करायचे याची विद्या या इमारतीत नांदत होती, आणि ती आम्हाला लगेच शिकायला मिळाली.

टेबलामागच्या हवालदारानं मान वर न करता विचारलं, "काय हरवलं?"

"हरवलं नाही. चोरीला गेलं," मामा म्हणाला.

"तेच ते." त्यानं 'हरवलेल्या वस्तू' असं छापलेल्या कागदांच्या गठ्ठ्यातून एक कागद पुढे सरकवला. तो गठ्ठा हाताशी होता, चांगला जाड होता. "हे भरा. शिक्का मारून देतो. पाच मिनिटांचं काम."

"काच फोडलीय हो."

"काच का लावली होती?"

मामाला प्रश्नच कळला नाही.

"काच खाली असती तर फोडली असती का?" हवालदार समजूतदारपणे म्हणाला. "सामान गेलं असतं, पण काच वाचली असती की नाही?"

मी विचारलं, "कोपऱ्यावर कॅमेरा आहे, तो बघणार का?"

"तो बंद आहे."

"तुम्हाला कसं माहीत?"

"आमचाच आहे ना."

मग त्यानं आम्हाला सगळं उलगडून सांगितलं. चोरी लिहिली की पंचनामा आला. पंचनामा आला की माणूस पाठवायला हवा. आणि माणसं कुठे आहेत? त्याच्या मागे दोन माणसं होती. एक मोबाइलवर फळं कापायचा खेळ खेळत होता आणि दुसरा त्याला कुठलं फळ कापायचं ते सांगत होता. शिवाय, हवालदारानं आवाज खाली आणला, उद्या वरचे साहेब तपासणीला येतायत. महिना चांगला चाललाय. तुमच्या एका डब्यासाठी तो कशाला नासवायचा?

"आणि मिस्त्री," तो मामाकडे नीट बघत म्हणाला, "किल्लीवाल्याच्या किल्ल्या गेल्या, हे तुम्ही लिहून द्यायला सांगताय. लोक काय म्हणतील त्याचा विचार केलात का?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. या ठाण्यानं मामाला किती वेळा बोलावलं होतं. किल्ली आत राहिलेली जीप, चावी हरवलेल्या बेड्या, साहेबांच्या बायकोचं कपाट. सगळं फुकट, आणि वर "जरा लवकर या". मी तोंड उघडणार तेवढ्यात मामानं माझ्या हातावर हात ठेवला.

"लिहून घ्या," तो म्हणाला. "मी सांगतो. एक नंबर, निवृत्त पोस्टमास्तर, सात लिव्हरचं कुलूप. दोन नंबर, औषधवाल्याची आई, दार फुगलंय, किल्ली उचलून फिरवावी लागते."

यादी गेली होती, पण मामाला ती तोंडपाठ होती. माणसांपेक्षा कुलपं जास्त पाठ होती. हवालदारानं पेन उचललं नाही. तो जांभई देत ऐकत होता. बारा, तेरा, चौदा. मामा थांबला नाही.

"एकोणीस नंबर. तुमची मुद्देमालाची खोली."

पेन नव्हतंच हातात, नाहीतर पडलं असतं. मुद्देमालाची खोली म्हणजे जप्त केलेला माल ठेवतात ती. दागिने, हत्यारं, दारू, पुराव्याच्या पुड्या. तीन वर्षांपूर्वी त्या खोलीची किल्ली ठाण्यानंच हरवली. मामानं नवीन करून दिली, तेव्हा पुन्हा शोभा नको म्हणून यातल्याच कुणीतरी एक जादा किल्ली गुपचूप त्याच्याकडे ठेवली होती. आणि ती आता, पत्त्यासकट, बाहेर फिरत होती.

खेळ थांबला. आतून साहेब बाहेर आले. आम्हाला खुर्च्या मिळाल्या, पंखा आमच्याकडे वळवला गेला, चहा आला. बोटांचे ठसे घेणारा माणूस आला आणि प्लॅस्टिक काढून गाडीचं दार पावडरीनं माखून गेला. कॅमेराही चालू निघाला. माणसंही निघाली, एकदम सहा. हवालदार स्वतः टोपी घालून, पायी, बाहेर पडला आणि चाळीस मिनिटांत यादीसकट डबा बगलेत मारून परत आला. ठाण्यामागच्या गल्लीत एक भंगारवाला आहे, त्याच्याकडे होता. हवालदाराला कुणाला काही विचारावंही लागलं नव्हतं. म्हणजे इतके दिवस यांना चोर सापडत नव्हते असं काही नव्हतं, यांना सगळं ठाऊक होतं. पाच-पाच माणसं रोज फुटक्या काचांसमोर उभी राहून हळहळत होती आणि हे चाळीस मिनिटांवर बसून फळं कापत होते.

साहेबांनी डबा मामापुढे ठेवला. "घ्या. आता कसली तक्रार?"

मामानं किल्ल्या मोजल्या. "पंचवीस आहेत."

"एकोणीस नंबर आमच्याकडे राहू दे," साहेब हसून म्हणाले. "आपल्या आपल्यात."

"मग मी डबा घेत नाही," मामा म्हणाला. "चोरी लिहा. सव्वीस लिहा. मग घेतो."

साहेबांना वाटलं मामा रुसलाय, समजूत काढली की येईल ताळ्यावर. मामानं डबा हातभर मागे सरकवला आणि हात मांडीवर ठेवले. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की घोडं कुठे अडलंय. डबा ठाण्यात ठेवायचा तर मुद्देमालाच्या खोलीत ठेवायचा. तिथं ठेवायचा तर त्याला गुन्ह्याचा नंबर हवा. गुन्हा तर घडलाच नव्हता, महिना चांगला चालला होता. आणि उद्या वरचे साहेब येऊन विचारणार, या टेबलावर पंचवीस घरांच्या किल्ल्या कुणाच्या? भंगारवाल्याकडे परत नेऊन ठेवतो, असंही हवालदार एकदा पुटपुटला. साहेबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो भिंतीला लागला.

दोन तास आम्ही त्या नव्या बाकड्यांवर बसून होतो. काचवाला खरं बोलला होता. शेवटी कपाट उघडलं, रजिस्टर निघालं आणि चोरी लिहिली गेली. किल्ल्या सव्वीस. एकोणिसाव्या नंबरापुढे साहेबांनी 'एक शासकीय कार्यालय' असं लिहायला लावलं. मामा म्हणाला, "चालेल." बाहेर पडताना मी फळ्याकडे पाहिलं. हवालदार स्टुलावर चढून तीनाचे चार करत होता, आणि त्याचं तोंड असं झालं होतं की जणू गाडी त्याचीच फुटली. मी मुद्दाम थांबून नीट बघून घेतलं.

मामानं कागदाची घडी घातली नाही. सरळ धरून चालत होता. डबा परत आला तरी किल्ल्या अर्धा दिवस परक्या हातात होत्या, ठसा घेऊन दुसरी किल्ली करायला दहा मिनिटं पुरतात. म्हणून सगळी कुलपं तो पदरमोड करून बदलणार होता. दुकानातून नवी कुलपं गाडीत भरली आणि आम्ही पहिल्या दाराशी गेलो. निवृत्त पोस्टमास्तर. चौदा वर्षं यांची किल्ली मामाकडे होती. मागच्या वर्षी ते न्हाणीघरात पडले, तेव्हा मामानंच दार उघडून त्यांना उचलून दवाखान्यात नेलं होतं.

दाराला नवं कोरं कुलूप होतं. दुसऱ्या कुणाकडून तरी तासाभरात बसवून घेतलेलं. पोस्टमास्तरांनी साखळी न काढता फटीतून पाहिलं. मामानं कागद पुढे केला. त्यांनी चष्मा लावून तो शिक्क्यापासून सहीपर्यंत वाचला.

"म्हणजे पोलिसांत नाव आलं तुमचं," ते म्हणाले.

"फिर्यादी म्हणून आलंय, काका," मी म्हटलं. "चोरी यांची झालीय."

"असेल. पण आलं ना?" त्यांनी फटीतून हात बाहेर काढला. "माझी जुनी किल्ली द्या."

मामानं डब्यातून एक नंबरची किल्ली काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. दार लागलं. आतून नवं कुलूप दोनदा फिरलं, ते आम्ही ऐकलं. मी जिन्यातच बडबडायला लागले. कृतघ्न म्हातारा, पुन्हा पडशील तेव्हा बघू कोण येतं, आणि बरंच काही. मामा माझ्यापुढे दोन पायऱ्या उतरत होता.

"गप बस," तो म्हणाला. "बरोबर वागला तो. ज्याच्याकडून एकदा किल्ली गेली, त्याला मीपण पुन्हा दिली नसती."

खाली आल्यावर त्यानं गाडीच्या फुटक्या खिडकीतून दुसऱ्या नंबरचं कुलूप उचललं, कागद बगलेत धरला आणि औषधवाल्याच्या आईच्या दाराकडे चालायला लागला. ठाणं सोडून चोवीस दारं राहिली होती. प्रत्येक दाराशी उभं राहून तो हेच सगळं सांगणार होता आणि जो मागेल त्याच्या हातावर किल्ली ठेवणार होता. मी बॅटरी घेतली आणि त्याच्या मागे गेले.