पाच वर्षांची गोळी

“केस आले म्हंजे सुटली पोरगी.”

परतूरच्या स्टेशनावर माझ्या काकूने हे आईच्या कानात सांगितलं, पण काकूचं कानात सांगणं फलाटाच्या टोकापर्यंत ऐकू जातं. मी त्यांच्याकडे पाठ करून बाकावर बसले होते. डोक्यावर बोटाच्या पेराएवढे केस उगवले होते आणि आईने सकाळी हट्टाने त्यांना तेल लावलं होतं. आई म्हणाली, “हो ना बाई. सुटली एकदाची.” मग तिने नाक ओढल्याचा आवाज आला.

गाडी आली. अविनाशने, माझ्या नवऱ्याने, सामान चढवलं. आईने खिडकीतून माझा हात धरला आणि गाडी हलेपर्यंत सोडला नाही. बाबा नेहमीप्रमाणे दोन पावलं मागे उभे होते. काकू हसून हात हलवत होती. त्या तिघांनाही वाटत होतं की दुखणं संपलं आणि लेक परत नांदायला निघाली. मी सुटले नव्हते, हे त्या फलाटावर फक्त अविनाशला आणि मला माहीत होतं.

हे वाचणाऱ्या परतूरकरांपैकी जे गावातच राहिले त्यांना माझा आजार माहीतच आहे. जे माझ्यासारखे बाहेर पडले त्यांच्यासाठी सांगते. एकोणतिसाव्या वर्षी मला स्तनाचा कॅन्सर झाला. पुण्यात ऑपरेशन करून एक स्तन काढला, केमो झाली, रेडिएशन झालं. शेवटच्या दिवशी डॉक्टरबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवलं. माझी गाठ शरीरातल्याच हार्मोनवर पोसणारी होती, असं त्या म्हणाल्या. एखादी पेशी कुठे दडून राहिली असेल तर तिला ते मिळू नये, म्हणून रोज एक गोळी घ्यायची. पाच वर्षं. त्याने आजार परतण्याचा धोका बराच कमी होतो. पण अंगातून गरम वाफा निघतील, पाळी बिघडेल, क्वचित याहून गंभीर त्रास होतो, म्हणून तपासण्या चुकवायच्या नाहीत. आणि गोळी चालू असताना मूल होऊ द्यायचं नाही.

“पाच वर्षांनंतर?” मी विचारलं.

“तेव्हा तुम्ही चौतीस वर्षांच्या असाल. पुष्कळजणींना होतं. खात्री मी देऊ शकत नाही.”

त्यांनी सगळं इंग्रजीत सांगितलं होतं आणि मला सगळं समजलं होतं. कळलंच नाही असं म्हणायची सोय माझ्याकडे नव्हती. महिनाभरात काय ते कळवा, त्याहून लांबवू नका, असंही त्या म्हणाल्या. बाहेर रिक्षात अविनाश म्हणाला, “तू म्हणशील ते.” तो मनापासून म्हणत होता. पण त्या तीन शब्दांत त्याने सगळं माझ्या मांडीवर ठेवलं आणि स्वतः रस्त्याकडे बघत बसला. लहान मूल दिसलं की हा माणूस बोलता बोलता थांबतो, हे मी लग्नापासून पाहत आले आहे.

मला मूल हवं होतं का? हो. आजाराआधीपासून हवं होतं. हे मी कधी कुणाला बोलून दाखवलं नाही, एवढंच.

न बोलण्याची सवय जुनी आहे. मी आठ वर्षांची असताना बाबांनी मला जालन्याला आत्याकडे ठेवलं, इंग्रजी शाळेसाठी. शेत सोडून ते परतूरला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला लागले होते आणि पोरगी इंग्रजीत शिकली पाहिजे हे त्यांनी मनाशी घेतलं होतं. तेव्हा छोट्या रुळांची गाडी होती. गाडीत चढवताना बाबा म्हणाले, “आत्याला कामात मदत कर. रडू आलं तर न्हाणीत जाऊन रड.” मी दोन्ही पाळलं. शाळेत ‘करून राह्यले’ म्हटलं की मुली हसत, आणि सुट्टीत परतूरला इंग्रजी शब्द निघाला की काकू म्हणे, “आली मडम.” दोन्हीकडे गप्प बसलेलं बरं, हे मला लवकर कळलं. पुढे औरंगाबादला कॉलेज, मग पुण्यात इन्शुरन्सच्या ऑफिसात नोकरी. लोक मला शांत स्वभावाची समजतात. शांत वगैरे मी नाही. आधी सगळं पाहून घेते, आणि पाहून होईपर्यंत बोलायची वेळ निघून गेलेली असते.

रेडिएशननंतर एक महिना आईकडे राहिले. पुण्याहून आणलेला सिलिकॉनचा पॅड उन्हाळ्यात घालवत नसे, आत घाम साचून कातडी चरचरायची. आईने दोन दिवस काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी माझे ब्लाऊज घेऊन बसली. बाबांनी जिनिंगमधून मूठभर कापूस आणला होता, तो तिने बोटांनी पिंजला, जुन्या मलमलीत भरला आणि आतून टाके घालून बसवला. घालून पाहिलं तर कापूस हलका, चालताना वर सरकायचा. मग तिने ते उसवलं आणि तळाशी मोहरीची पुरचुंडी शिवली. “आता बराबर बसलं,” ती म्हणाली, आणि लांब उभी राहून दोन्ही बाजू पाहिल्या, जशी दिवाळीला नवीन फ्रॉकची पाहायची. मला हसू आलं. ती म्हणाली, “हसून राह्यली काय? धुताना मोहरी काढून ठेव, न्हाई तर मोड येतील.”

तिच्या शिवणाच्या टोपलीत मऊ झालेल्या जुन्या साड्यांचं एक दुपटं अर्धं शिवून ठेवलेलं होतं. मी विचारलं, कुणासाठी. “असू दे. जुन्या साड्या वाया कशाला घालायच्या,” असं म्हणून तिने ते टोपलीच्या तळाशी सारलं. त्या दुपारी मी तिला गोळीचं सांगणार होते. राहून गेलं.

खरं सांगायचं तर तोवर माझ्या मनात एक सोपा बेत तयार झाला होता. पुण्याला जायचं आणि गोळी गुपचूप सुरू करायची. मूल होत नाही म्हटल्यावर लोक आजाराला दोष देतील, नशिबाला देतील. मला काहीच बोलावं लागणार नाही. पुण्यात हे सहज जमलं असतं. आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंना मी आजारी आहे हेच कळलं नव्हतं. टक्कल झाकायला टोपी घालून जिना चढले की त्या हसायच्या आणि दार लावून घ्यायच्या. त्या वर्षी मला ते फार मोठं सुख वाटलं. परतूरला मात्र भाजीवालीसुद्धा विचारायची, “कोणत्या बाजूचं काढलं गं?”

गाडी जालन्याकडे चालली होती तेव्हा मी हाच हिशोब करत होते. आम्ही थेट पुण्याला जाणार नव्हतो. आधी राजूरजवळ अविनाशच्या गावी दोन दिवस थांबायचं होतं. त्याच्या आईला मी मामी म्हणते. माझी केमो चालू असताना मामींनी राजूरच्या गणपतीला नवस बोलला होता: सून उठून बसली की तिला पायी चढवून दर्शनाला आणीन. तो फेडायचा होता.

मामींबद्दल कुणी वाईट ग्रह करून घेऊ नये. मला उलट्या होत होत्या तेव्हा त्या गाव सोडून पुण्यात येऊन राहिल्या. बाथरूमच्या दाराशी पाट टाकून बसायच्या. “पुण्याचं पाणी पिऊन सासूचा धाक गेला का तुझा? दोन घास खा म्हणते मी,” अशी दटावणी करत भाकरी कुस्करून भरवायच्या. केस गळाले त्या दिवशी त्यांनीच फरशी झाडली, आणि केर टाकून आल्यावर बराच वेळ माझे तळपाय चोळत राहिल्या. मूल हवं असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. फक्त अंगणात शेजारच्या सुनेचं बाळ आलं की त्याला माझ्या मांडीवर ठेवायच्या आणि आत निघून जायच्या.

या वेळी गावी पोचल्यावरही ठेवलं. ते बाळ माझ्या मोहरीच्या बाजूला डोकं टेकून झोपलं. त्याला काही फरक पडला नाही. अविनाश दारात उभा राहून पाहत होता. त्याने तोंड फिरवलं, ते माझ्यासाठी, हे मला कळलं.

तिथेच माझा सोपा बेत मोडला. दर दिवाळीला इथे यायचं, हे बाळ मोठं होताना पाहायचं, मामींनी आशेने माझ्याकडे बघायचं आणि मी मान खाली घालायची. पाच वर्षं. जिथे खोटं बरोबर घेऊन जावं लागतं ती जागा घर राहत नाही, तिथे आपण पाहुणे होतो. मी आठव्या वर्षापासून कुणाच्या ना कुणाच्या घरी पाहुणी राहिले आहे, मला ते चांगलं जमतं. आता नको होतं. घर म्हणजे काय, असं मला आज कुणी विचारलं तर मी परतूर म्हणणार नाही आणि पुणंही म्हणणार नाही. जिथे आपलं दुखणं सगळ्यांचं होतं ते घर. तिथे आपल्या कुशीवरही सगळ्यांचा हक्क असतो, हे त्यातलं अवघड. तो हक्क नाकारायचा असेल तर तोंडावर नाकारावा लागतो. कारण त्याच लोकांनी आपले तळपाय चोळलेले असतात.

पण हे तेव्हा मला एवढं नीट मांडता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी चतुर्थी होती. राजूरला देवळाच्या पायऱ्यांवर गर्दी होती. मामींनी नारळ आणि दुर्वा माझ्या हातात दिल्या आणि माझं कोपर धरून मला एकेक पायरी चढवलं. मी स्वतः चढू शकत होते, पण नवस त्यांचा होता. गाभाऱ्यासमोर त्यांनी हात जोडून मोठ्याने सांगितलं, “आणली बघ. बोलल्याबराबर आणली.” रांगेतल्या दोन बायका वळून हसल्या. एकीने विचारलं, “काय झाल्तं सुनेला?” मामी म्हणाल्या, “झाल्तं काहीतरी. गेलं.”

मग त्या माझ्याकडे वळल्या.

“आता तुझा तू बोल. लेकराचा.”

मी हातातल्या दुर्वा नारळावर सारख्या केल्या.

“मागला मी बोलले, कारण तुला बोलवत नव्हतं. ज्याचा नवस त्यानंच बोलायचा असतो. अन् मोठ्यानं. आमच्यात मनातल्या मनात बोललेलं धरत न्हाईत. साक्षीला माणूस लागतं, न्हाई तर उद्या देवालाच फसवशील.” त्या हसल्या, आणि मग हळू आवाजात म्हणाल्या, “लाजू नको. इथं समदे मागायलाच येतात.”

अविनाश खांबाजवळ उभा होता. मामींनी काय सांगितलं ते त्याने ऐकलं होतं. पुढे येऊन तो काहीतरी सांभाळून घेईल असं मला वाटलं, आणि तो एक पाऊल पुढे आलाही. मी मान हलवून त्याला थांबवलं. मागून रांग सरकत होती, पुजारी “चला, पुढे चला” करत होता. मनातल्या मनात एखादं बोलून मोकळं व्हायची सवय जिभेपर्यंत आली होती. मामींची बोटं माझ्या कोपरावर होती, तशीच, धरलेली.

मी नारळ खाली ठेवला आणि हात जोडले. आवाज इतका मोठा निघाला की माझाच मला ओळखू आला नाही.

“गणपतीबाप्पा, आजार परत येऊ नये म्हणून मी पाच वर्षं गोळी घेणार हाय. तवर लेकरू होऊ द्यायचं न्हाई, म्हणून ते मागत न्हाई. आज मी मलाच मागून राह्यले. मामी, तुम्ही साक्षीला राहा.”