अठ्ठावीसवर सौदा
माझ्या पिकअपच्या इंजिनाचा खून मी केला, असं उद्यमबागेतला मिस्त्री सगळ्यांना सांगतो. खून दोघांनी मिळून केला होता. स्वतःचा वाटा तो सोयीनं गाळतो, म्हणून हे लिहायला बसलो.

मी वडगावच्या विणकराच्या घरातला. माग विकून टर्बोवाली जुनी पिकअप घेतली आणि निपाणीच्या एका सूतवाल्याचा माल वडगावच्या मागांवर पोचवायचं काम मिळवलं. मिळवलं म्हणजे सहा वेळा त्याच्या पेढीवर जाऊन, दोनदा भांडून. माझा मेहुणा याच कामावर डोळा ठेवून रोज स्वतःची गाडी पुसत बसायचा. सूतवाल्यानं मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "गाडी थांबली की काम मेव्हण्याला. माग काय तुझी वाट बघत बसणार न्हाईत."

वर्षभरात पिकअप धूर ओकायला आणि ऑइल प्यायला लागली. इंजिन खोललं. सिलिंडर आतून कोरून बोअर झाले, नवे पिस्टन आले, नव्या रिंगा आल्या. पिस्टनवर बसणारी ही रिंग एका जागी कापलेली असते. मिस्त्रीनं एक रिंग सिलिंडरात ढकलली, कापलेल्या जागेच्या फटीत फिलरच्या पातळ पोलादी पट्ट्या घालून बघितल्या आणि म्हणाला, "पंचवीस हाय. पंचेचाळीस करतो." म्हणजे मिलीमीटरचे शंभर भाग केले तर त्यातले पंचेचाळीस. मग रिंग बाहेर काढून तिचं टोक कानशीनं घासायला लागला.

त्या रिंगांसाठी मी दुकानदाराचा अर्धा दिवस खाल्ला होता.

"थांब रं. नवी कोरी रिंग घासतोस?"

"अण्णा, टर्बो हाय. हवा दाबून भरतंय, आग लई होती. रिंग तापली की लांबती. तिला लांबायला जागा नको?"

मी रिंग परत सिलिंडरात घालायला लावली आणि खालून टॉर्च मारला. दोन टोकांच्या मधून उजेडाची रेघ दिसली. आमच्याकडं साडी उजेडात धरून बघतात. उजेड आरपार आला की माल झिरझिरीत, पुढं बोलणंच नाही. माझ्या बापानं जन्मभर घट्ट विणलं आणि हा गडी मला फट वाढवून देत होता.

"घासायचंच न्हाय. पंचवीस ऱ्हाऊ दे."

"पंचेचाळीस."

"सत्तावीस."

"अण्णा, ही भाजी न्हवं."

"मग मटण समज. सत्तावीस."

"चाळीस. त्याच्या खाली ब्याडरी, जमायचं न्हाय."

मी उठून चपला घातल्या. इंजिन उघडं पडलेलं, जाणार कुठं होतो? पण हे माझं जुनं हत्यार. दुसऱ्याच पायरीवर मागून आवाज आला, "अठ्ठावीस. पर घाटात काय झालं तर माझ्याकडं बघायचं न्हाय."

चाळीसवरून एकदम अठ्ठावीस. शंका तेव्हाच यायला हवी होती. इतक्या पटकन उतरणारा माणूस एकतर फसवत असतो, नाहीतर कंटाळलेला असतो. मी मात्र खुशीत त्याला चहा पाजला.

पंधरा दिवस हलका माल भरून गाडी अशी पळाली, की मी त्याला दोनदा फोन करून हिणवलं. मग भर उन्हाळ्यात निपाणीहून सुताची पूर्ण गाडी भरून तवंदी घाट चढायला घेतला. निम्म्या चढावर इंजिन कण्हलं आणि जागच्या जागी बसलं. मागच्या बसवाल्यानं हॉर्न दाबून माझ्या खानदानाची चौकशी केली. सूत वेळेत पोचलं, पण मेहुण्याच्या गाडीतून. गठ्ठे उचलताना तो प्रेमानं म्हणाला, "दाजी, तुमी सावलीत बसा."

मिस्त्रीनं इंजिन खोललं आणि एक रिंग माझ्या हातावर ठेवली. तिची दोन्ही टोकं एकमेकांवर घासून आरशासारखी चकाकत होती. सिलिंडर उभ्या रेघांनी ओरबाडलेला होता.

"लांबायला जागा मिळाली न्हाय. मग सिलिंडरच धरला तिनं."

"मग तू खाली उतरलास कशाला?"

"तुमीच उतरिवलंसा."

"मी भाव करणारच. न्हाय म्हणायचं काम तुझं हुतं."

त्यानं हे शेवटचं वाक्य गाळून ही गोष्ट अख्ख्या उद्यमबागेला सांगितली. आता मी चहाच्या गाड्यावर गेलो की कुणीतरी म्हणतंच, "अठ्ठावीस आलं, च्या सांगा."

पुन्हा बोअर, पुन्हा नव्या रिंगा. मिस्त्री म्हणाला, "पंचेचाळीस." माझ्या तोंडून सवयीनं गेलं, "बेचाळीस कर."

त्यानं रिंगा खोक्यात भरल्या, खोकं माझ्यापुढं सरकवलं आणि दुसऱ्या गाडीच्या कामाला लागला. मी चपला घातल्या. दुसरी पायरी उतरलो, तिसरी उतरलो. मागून काहीच आवाज आला नाही. मग आपणहून परत वर आलो.

"कर पंचेचाळीस."

"मी न्हाय. तुमी करा."

कानस त्यानं माझ्या हातात दिली. मी एकेक रिंग घासली, त्यानं एकेक मोजली. एक चव्वेचाळीस भरली, तर ती परत घासायला लावली.

मी हातापाया पडल्यावर सूतवाल्यानं एक खेप दिली. त्याच चढावर, त्याच जागी, टर्बोची शिट्टी ऐकत मी श्वास रोखून बसलो. गाडी वर आली. आता निम्म्या खेपा माझ्या, निम्म्या मेहुण्याच्या.

ते एक 'न्हाय' मिस्त्रीनं पहिल्याच वेळी म्हटलं असतं तर सगळ्या माझ्या असत्या. तो भेटेल तेव्हा मी त्याला हे ऐकवतो. तो हात पुसत म्हणतो, "व्हय अण्णा." इतक्या पटकन व्हय म्हणणाऱ्यावर आता माझा विश्वास नाही.