गंगम्मा आणि गिटारची मान

बेंबळीच्या गंगम्मानं रंधा हातात घेतला तो बापाला लकवा झाला म्हणून. आणि खाली ठेवला नाही तो गाव ठेव म्हणालं म्हणून. हैदराबादच्या पोलीस ॲक्शनला तेव्हा तीन वर्षं झाली होती. नवऱ्यानं दुसरी बायको आणली तशी ती माहेरी परत आली होती. बाप गुरुसिद्धप्पा खाटेवर, पेरणी तोंडावर आणि दारात मोडकी तिफण घेऊन उभे राहिलेले शेतकरी. तिनं पटाशीला धार लावली.

सुतार समाजाचे पंच घरी आले. "बाईनं हत्याराला हात लावायचा न्हाय," म्हणाले.

"मग तुमच्यापैकी कुणी बसतंय का ह्या तिफणीला?" तिनं विचारलं. कुणी बसलं नाही. ती बसली.

नांगर, तिफण, बैलगाडी ही रोजची कामं. पण गुरुसिद्धप्पाचा हात खरा वाद्यांवर होता. भजनी मंडळांच्या वीणा आणि एकताऱ्या दूरदूरहून त्याच्याकडे यायच्या. खाटेवरून अर्ध्या तोंडानं बोलत त्यानं ती विद्याही पोरीला दिली.

साठ सालच्या फेब्रुवारीत धाराशिवचे गोपाळकृष्ण मास्तर एसटीनं बेंबळीला आले, ते काखेत कापडात गुंडाळलेली गिटार घेऊन. हैदराबादेत शिकत असताना त्यांना या वाद्याचा नाद लागला होता. मागं एकदा एसटीच्या टपावरून पडून गिटारची मान मोडली होती. शहरातल्या बलभीम मिस्त्रीनं सागवानाची नवी मान बसवली, तर पंधरा दिवसांत ती धनुष्यासारखी वाकली. तारा इतक्या वर आल्या की बोटं दाबून दाबून सोलली.

गंगम्मानं मान डोळ्यासमोर धरून पाहिली. "सागवान वाईट न्हाय मास्तर. पण हे ओलं हाय. परवा कापलं नि आज रंधलं."

"मग जुनं सागवान घ्या. नाहीतर हे बघा, या पुस्तकात महोगनी लिहिलंय."

"त्या पुस्तकाला बेंबळीचं ऊन ठाऊक हाय का?"

तिनं मास्तरांना मागच्या छपरीत नेलं. तिथं भिंतीला टेकून लाकडं उभी होती. ती एकेकावर बोटाचं पेर वाजवत गेली. "ही बाभूळ. चाकाला लई चांगली, पण पीळ धरती. हा खैर. दगडावानी जड. ह्याची मान केली तर तुमची गिटार मांडीवर ठरायची न्हाय, मानेकडं कलंल." शेवटी तिनं एक फिकट पिवळी फळी बाहेर ओढली. "ही शिवण. अप्पानं धा वर्सांमागं कापून ठिवलेली. हलकी हाय, आन् एकदा वाळली की ऊन असू दे न्हायतर पाऊस, जागची हलत न्हाय. रेघ बघा, ह्या टोकाकडून त्या टोकाला सरळ."

"पण हे मऊ आहे. नखानं व्रण पडतोय."

"म्हणून वरनं शिसवाची पट्टी. बोटं शिसवावर, ताण शिवणीवर."

ही बातमी बलभीम मिस्त्रीपर्यंत पोचली. तो मुद्दाम बघायला आला आणि ओट्यावर बसला. "शिवणीचे ढोल करत्यात बाई, असली वाद्यं न्हाय."

गंगम्मा मानेचा सांधा कोरत राहिली. नेमकं तेव्हाच काहीतरी कटकन वाजलं. बुंध्याजवळ लाकडाच्या पोटात लपलेली गाठ होती, तिथून मान उभी चिरली.

बलभीम हसला. "सांगितलं व्हतं. उद्या सागवान धाडू का?"

तिचे कान लाल झाले. चूक तिची होती. फळी वाजवताना त्या टोकाला तिनं बोट लावलंच नव्हतं. "गाठ म्या बघितली न्हाय. लाकडाचा दोष न्हाय," ती म्हणाली. फळीचा आता एकच तुकडा उरला होता. तो तिनं बापाच्या खाटेशी नेला. दोघांनी मिळून तो वीतवीत वाजवला, मगच करवत लावली. बलभीम उठून जाईना. संध्याकाळी पट्टीला सरस लावताना दुसरं टोक त्यानंच धरलं.

सगळा एप्रिल तिनं तारा चढवून गिटार पत्र्याच्या छपरीत टांगून ठेवली. रोज दुपारी मानेवर दोरा ताणून बघायची. मान केसभरही हलली नाही.

एक मेला महाराष्ट्र राज्य झालं. धाराशिवच्या सभेत मास्तरांचं गिटारवादन होतं. गंगम्मा बापाला बैलगाडीत घालून आली आणि पुढंच बसली. मास्तरांनी वाजवलं आणि मैदान शांत झालं. टाळ्या थांबल्यावर सभा भरवणाऱ्या समितीचे एक पुढारी ध्वनिक्षेपकापाशी आले. "हे विलायती वाद्य मोडलं होतं. खास पुण्याच्या कारागिराकडून ते दुरुस्त करून आणलंय!"

मास्तर खाली बघत राहिले. खेड्यातल्या बाईचं नाव घेणं कमीपणाचं वाटून पुढाऱ्यांनी हे असं बोलायचं त्यांच्याशी आधीच ठरवलं होतं.

गंगम्मा उठून उभी राहिली. "पुण्यात न्हाय, बेंबळीत झालंय. म्या केलंय."

लोक माना वळवून बघू लागले. कुणीतरी "खाली बसा बाई" म्हणालं. ती बसली नाही. "मास्तर, तुमी सांगा."

मास्तरांचा चेहरा पांढरा पडला. मग ते उठले, ध्वनिक्षेपक स्वतःकडे ओढला आणि म्हणाले, "बाई खरं बोलतात. ही मान बेंबळीच्या गंगम्मा सुतार यांनी केली. शिवणीची आहे. मी आधीच सांगायला हवं होतं." पुढारी व्यासपीठावरून उतरून गेले. मागच्या रांगेतून पहिली टाळी बलभीम मिस्त्रीनं वाजवली.

त्या उन्हाळ्यात पंच पुन्हा आले. तिनं भर सभेत बोलून समाजाला मान खाली घालायला लावली, असं त्यांचं म्हणणं होतं. गंगम्मा तेर गावच्या एका भजनी मंडळाच्या वीणेसाठी लाकूड निवडत होती. "बसा," ती म्हणाली, "पण उजेडातनं जरा बाजूला सरका. रेघ दिसंना."